ऐनाखालची झोळी

माझी नोकरी काय ते सांगितलं की लोक हसतात. वडिवळ्याच्या वरच्या रानात ऐनाच्या झाडांखाली आम्ही चार काठ्यांना जाळ्या बांधल्या आहेत. गावात त्यांना झोळ्या म्हणतात. दर महिन्याला त्यांत पडलेला पाला लोणावळ्याला आणायचा, वाळवायचा, तोलायचा. झाड हवेतला कार्बन घेऊन पान करतं, पान गळून मातीत जातं. किती आणि केव्हा, एवढंच लिहून ठेवायचं.

यंदा दिवाळी उलटली तरी पाऊस हटेना. एरवी फेब्रुवारीत पानगळ सुरू होते, पण फेब्रुवारी उजाडला तरी ऐन हिरवेगार आणि झोळ्या रिकाम्या. माझी नुसती चिडचिड. माझ्या नोंदी चुकत असतील तर तीन वर्षांचं काम पाण्यात, आणि बरोबर असतील तर रानाचंच काहीतरी बिघडलंय, ते त्याहून वाईट. वडिवळ्यात आत्याकडे जेवताना मी हेच बडबडत होते. "साहेब म्हणतील, ही रानात जातच नाही." आत्या भाकरी थापत राहिली.

पुढच्या खेपेला वाटेवरच्या मोठ्या ऐनाखालची झोळी काठोकाठ भरलेली! खरं सांगते, इतकं हायसं वाटलं की तोलताना मी चक्क गुणगुणत होते. मग निवडताना पाल्यात आंब्याची पानं निघाली. त्या रानात आंबा औषधालाही नाही. तळाशी शेणाचा भुगा होता.

भाताची रोपं टाकण्याआधी पाला जाळून जमीन भाजतात, तो राब. त्यासाठी आत्या गोठ्याशेजारी पाला साठवते. मी जाऊन विचारलं तर तिने लपवलंही नाही.

"व्हय, मीच टाकला. रिकामी झोळी बघून जीव थाऱ्यावर ऱ्हाईना. म्हनलं, साहेब पोरीला बोलंल."

मला राग आला, रडूही आलं. वहीतला आकडा खोडला आणि पाला पोत्यात भरून तिला परत नेऊन दिला. ते तिला फार लागलं. आमच्याकडे दिलेली वस्तू कुणी परत आणत नाही.

"माज्या पाल्याला काय कीड लागलीये का?" एवढं म्हणून ती आत गेली.

मार्च संपता संपता एकाएकी ऊन तापलं. त्यानंतरच्या खेपेला चढ चढून गेले तर पहिलीच झोळी भरलेली. बाकीच्या बघायलाही मी थांबले नाही. तडक खाली आले आणि दारातूनच ओरडले, "आत्या, पुन्हा तेच केलंस ना?"

तिने पदर खोचला, काठी उचलली आणि गुडघे दुखत असताना माझ्यापुढे चढ चढली. झोळीत हात घालून मूठभर पानं काढली आणि माझ्या हातावर ठेवली. पानं हिरवी होती, अजून मऊ.

"माजा पाला वाळलेला आसतो. हिरवं पान मी कुटनं आनू?" मग तिने वर बघितलं. तिचा आवाज उतरला. "पिकायच्या आदीच कसं टाकलं गं यानं?"

मी तिची माफी मागितली. पण ती हिरवी पानं हातात धरून मी उभी असताना मनात एकच येत होतं, की हिनेच पुन्हा झोळी भरली असती तर किती बरं झालं असतं.