चौकटीत थांबणारा भरत

निमगाव सावात भरतला कोणी भरत म्हणत नाही, थांब्या म्हणतात. नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याच्या जिभेला हाड नव्हतं. घरातून अंगणात, कांद्याच्या अंधाऱ्या बराखीतून उन्हात, कुठूनही उजेडात आला की हा गडी चौकटीला हात लावून उभा राहतो. पानाला चुना लावून ते तोंडात जाईल एवढा वेळ. डोळे उघडे, पण समोर सगळं पांढरं. मागे कांद्याच्या पाट्या घेतलेले मजूर खोळंबतात आणि म्हणतात, "चला राव, मुहूर्त काढताय का?"

माझा नि त्याचा बांधाला बांध. बांधकऱ्याशी भांडण ठरलेलंच, पण भरतशी भांडायला मला कधी जमलं नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटात आम्ही बरोबर जायचो. गाडा जुंपेपर्यंत त्याला बैलाच्या शिंगांचा रंगसुद्धा दिसायचा. बैल सुटले की समोरचं सगळं पुसलं जायचं. एका गाड्याची धाव, म्हणजे बारी, संपली की तो हळूच विचारायचा, "कशी झाली, भाऊ?" मी सांगायचो आणि तेच तो घरी जाऊन रंगवून सांगायचा. चष्म्याच्या डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, ती त्याने वाचली. मग काय, गावाच्या लेखी तो सोंगाडा ठरला. मला गावाचा अजून राग येतो.

दोन वर्षांमागे शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. जुन्नरची हुदा नावाची तरुण डॉक्टर आली होती. भरत वर्गातून बाहेर पडताना खांब धरून थांबला, ते तिने पाहिलं. ती हसली नाही. तिने त्याला पुण्याला पाठवलं. तिथे अंधाऱ्या खोलीत त्याच्या डोळ्यांवर लागोपाठ उजेड मारून पाहिला, रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर हुदाने आम्हा दोघांना समजावलं. उजेड पडला की डोळ्यातल्या पेशी निरोप धाडतात. तो निरोप वेळेवर मिटवायला आरजीएस-नाईन नावाचं एक प्रोटीन लागतं. पहिला निरोप मिटल्याशिवाय पुढचा नीट घेता येत नाही. भरतच्या डोळ्यात ते प्रोटीन जन्मापासून कामच करत नव्हतं.

"म्हंजी पाण्याची दारं धरणारा झोपलाय," भरत म्हणाला. "पयला वाफा भरून वाहतोय आन् म्होरचा कोरडा."

"अगदी तसंच, काका. पण यावर औषध नाही. आजार वाढणार नाही, एवढंच. काळा चष्मा वापरा."

खरं तर तो खूश झाला होता. पन्नाशीला का होईना, सोंग नव्हतं हे कोणीतरी म्हणालं होतं. मग हुदाने विचारलं, "तुमचे आईवडील नात्यातले का?"

नात्यातलेच. वडिलांनी मामाची मुलगी केली होती. भरतनेही मामाचीच केली, ती शीला. आणि हुदा हे विचारत होती तेव्हा भरतच्या एकुलत्या एक स्नेहलची सुपारी नुकतीच फुटली होती. मुलगा ऋतिक, भरतच्या सख्ख्या बहिणीचा.

हुदाचा चेहरा उतरला. खोट आई आणि बाप दोघांकडून आली तरच मूल असं होतं, ती म्हणाली. स्नेहलकडे बापाची खोट आलेलीच आहे. ऋतिककडे आहे की नाही ते रक्त तपासून कळेल. तेवढं करा, मग ठरवा.

भरतने घरी तोंड उघडलं आणि त्याची आई सोनीबाई कडाडली, "सुपारी फुटल्याव शब्द फिरवतूस? लेकीच्या दारात मी कंच्या तोंडानं जाऊ?" बहीण तणतणत आली. "माझ्या पोराचं रगात तपासायचं? बाजारातलं जनावर हाय का ते?" शीलाचं नि सोनीबाईचं माहेर एकच, शीला बोलली असती तर त्याच माहेराला बोल लागला असता. मी मध्ये पडलो तर सोनीबाई म्हणाली, "बांधावरच्यानं बांधावरच ऱ्हावं." शेवटी स्नेहलनेच विचारलं, "आप्पा, पोर आंधळं तर न्हाई ना हुणार?" भरतला 'न्हाई' म्हणावं लागलं. ते खरंच होतं, आणि तिथेच तो हरला.

लग्न झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून शौर्य भरतच्याच घरी जन्मला. सोनीबाईने रिवाजाप्रमाणे बाळ-बाळंतिणीला आतल्या खोलीत ठेवलं, खिडकीला गोधडी लावून. थंडी कडाक्याची, त्यामुळे सव्वा महिन्याचे तीन महिने झाले. भरत रोज तिथे जाऊन बसे. आईच्या बांगड्या हलल्या की पोर झडप घाली, आजोबाकडे बघून हसे. "भाऊ, लई टक लावून बघतंय," तो मला सांगे. मी हो म्हणे. अंधारात भरतलाही चांगलंच दिसतं, हे काही माझ्याच्याने बोलवत नव्हतं.

माघात ऋतिक गाडी घेऊन न्यायला आला. नातवाला बाहेर मीच आणणार, असा भरतने हट्ट धरला. आम्ही सगळे अंगणात उभे होतो. ऊन लख्ख पडलं होतं. तो पोराला घेऊन चौकटीबाहेर आला आणि नेहमीसारखा थांबला. काळा चष्मा त्याने मुद्दाम घातला नव्हता. काळ्या काचेतून नको, थांबून का होईना, नातवाचे डोळे त्याला स्वच्छ बघायचे होते.

शौर्यने डोळे घट्ट मिटले. उन्हात सगळीच पोरं मिटतात, मी मनाला समजावलं. पण सगळी पोरं जराशाने किलकिले करून बघतात. याने ते उघडले तेव्हा नजर कुठेच नव्हती. स्नेहलने तोंडापुढे बांगड्यांचा हात हलवला. पोराचा हात उठला नाही.

"काय करतंय?" भरत समोरच्या पांढऱ्यात बघत विचारत होता. "शीला, डोळं उघडलं का त्यानं?"

शीलाने पदर तोंडात कोंबला होता. सोनीबाई खाली बसली होती.

"भाऊ, तुमी तरी सांगा की."

घाटात विचारायचा तोच आवाज. आयुष्यभर मीच त्याला सांगत आलो होतो.

हळूहळू त्याचे डोळे ठिकाणावर आले. त्याने नातवाकडे बघितलंच नाही. आमच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं, आणि विचारायचं सोडलं.