मोतीच्या तेराव्याची पंगत

मोती गेल्याची बातमी घेऊन आलेला माणूस चुकून आमच्या दारात आला. धुळ्याच्या तुरुंगातून नुकताच सुटलेला सत्याग्रही, टोपी हातात, डोळे सुजलेले. "आमचे मोतीभाऊ गेले हो! बराकीत विषमज्वराची साथ आली, सगळ्यांचं हगणंमुतणं त्यांनीच काढलं, आणि शेवटी स्वतःच..." मी म्हटलं, "बरं झालं." तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मग त्याला सांगावं लागलं, की बाबा रे, ज्याच्यासाठी तू रडतोस त्यानं माझा धाकटा भाऊ मारलाय. त्याच्या आईचं, सोनामायचं घर पलीकडच्या आळीत. तिकडे जाऊन रड.

त्यानंतर याच पुरवणीत मोतीवर एक लेख आला. संत काय, पुण्यात्मा काय! वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संपादकांना तसं कळवलं, तर म्हणाले, मग तुम्हीही लिहा. आता लिहितोच.

मोती खेळायचा छान, हे मी नाकारत नाही. आमच्या गावी, प्रकाश्याला, तापीकाठच्या मोकळ्या रानात आम्ही सगळे अनवाणी खेळायचो. चेंडू शाळेच्या मास्तरांनी आणलेला, त्याला जागोजाग ठिगळं. मोतीच्या पायाला चेंडू चिकटल्यासारखा असायचा. पण पोरगा पहिल्यापासून उतावळा. हरला की दोन दिवस घुम्यासारखा बसायचा, जिंकला की गावभर मिरवायचा. पुढे नंदुरबारच्या एका जिनवाल्यानं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या मालकानं, त्याला आपल्या टीममध्ये घेतलं आणि पायात बूट घातले. झालं! त्या बुटांनी तो जमिनीवरून उठला. गावात यायचा तोसुद्धा बूट घालून. सोनामाय हसून म्हणायची, "मन्हा पोऱ्या आते साहेब व्हई गया!"

त्याच जिनच्या टीमशी आमच्या गावाचा सामना झाला, आमच्याच रानात. आमच्या गोलात माझा भाऊ धना उभा होता. धना अंगानं काडी, पण मांजरासारखा झेप घ्यायचा. त्या दिवशी मोतीचा एकही गोल त्यानं होऊ दिला नाही. लोक हसायला लागले. कोणीतरी ओरडलं, "मोत्या, बूट काढ, बूट!" पुढच्या वेळी धनानं चेंडू पोटाशी धरून जमिनीवर लोळण घेतली. शिट्टी झाली होती. खेळ थांबला होता. आणि मोतीनं धावत येऊन त्याच्या पोटात लाथ घातली. चेंडूला मारायची होती, चुकून लागली, असं वकिलानं कोर्टात सांगितलं. मी पाच हातांवर उभा होतो. चुकून! धना तिसऱ्या दिवशी गेला, पाणी पाणी करत. पोटाला लागलंय, पाणी देऊ नका, असं वैद्यानं बजावलं होतं.

मोतीला लांब शिक्षा झाली. तुरुंगात म्हणे तो पार बदलला. जेलर कैद्यांना चेंडू खेळू द्यायचा तेव्हा मोती फक्त गोलात उभा राहायचा, आणि जोरात येणारा चेंडू हातानं न अडवता मुद्दाम पोटावर घ्यायचा. लेखात यालाच प्रायश्चित्त म्हटलंय. वा रे वा! कोणी मागितलं होतं हे? धनानं? आम्ही? चार टाळ्या वाजवणारे समोर असले की पोटावर चेंडू घेणं फारसं कठीण नसतं.

खरं कठीण काय होतं ते सांगतो. आमच्या जातीत रीत आहे. ज्याच्या हातून माणूस मेलं, त्याच्या घरचं पाणी बंद. त्या घरचं कोणी पीत नाही, त्या घराला विहिरीवर हात लावू देत नाहीत. हे उठवायचं तर अपराध्यानं स्वतः मयताच्या घरी निरोप धाडायचा, पंगत घालायची, आणि त्या पंगतीत पहिला घास मयताच्या घरच्यानं घ्यायचा. मोती आत गेल्यापासून सोनामाय एकटी नदीवरून पाणी आणत होती. उन्हाळ्यात पात्र आटायचं तेव्हा वाळूत झिरा उकरून. आणि चिरंजीव तिकडे संत होत होते! एक निरोप धाडला नाही त्यानं. मी त्या सत्याग्रह्याला विचारलं, का नाही रे? तो म्हणाला, "ते म्हणायचे, कोणत्या तोंडानं मागू?" लाज ह्याला वाटायची आणि तहान आईला लागायची. मी कदाचित नाही म्हटलं असतं. नक्कीच म्हटलं असतं! पण मागायला तर हवं होतं...

अपराधी मेला की तेराव्याला घरच्यांना शेवटचं एकदा मागता येतं. सोनामायनं मागितलं. पंच बसले, भाऊबंद बसले, पानं वाढली आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी घास घेतला नाही तर ते पानावरून उठणार होते, आणि ती मरेपर्यंत तशीच राहणार होती. माझा हात पानाकडे जाईना. डोळ्यांपुढे धना पाणी मागत होता. सोनामाय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाटलं, आता पाया पडेल, मोतीचे गुण सांगेल. ती एवढंच म्हणाली, "माफ नको करू त्याले, भाऊ. मीबी नही करं. तू फक्त जेव."

मी जेवलो. रडू आलं, आणि तरी जेवलो. मग पंचांनी हात घातला आणि पंगत सुरू झाली.

घरी आलो तर माझी माय चुलीपाशी बसलेली. धना गेल्यापासून तिनं त्या घराचं नाव काढलं नव्हतं. तिनं विचारलं, "काय रांधं व्हतं तिनी?" मी म्हटलं, वरण, बट्टी, गंगाफळाची भाजी. मायनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "इतल्या लोकेसनं एकटीनीच रांधं व्हई... मले नही बलावं."

दुसऱ्या दिवशी माय कळशी घेऊन पलीकडच्या आळीत गेली. आता त्या दोघी रोज एकत्र विहिरीवर जातात, परतताना वाटेत थांबून बोलतात, आणि मी ओट्यावरून बघतो. मोतीचा सगळ्यात जास्त राग मला तेव्हा येतो. मेल्या, एक निरोप धाडायचास!