टाइम प्लीज

शाळेच्या ऑफिसात फायली साठतात आणि खिडकीशी बसणाऱ्या क्लार्ककडे किस्से. फायली निदान रद्दीत तरी जातात. भांडुपच्या आमच्या प्राथमिक शाळेत माझी खिडकी मैदानाकडे होती. मैदान म्हणायचं आपलं. समोरच्या टॉवरचं पार्किंग त्याहून मोठं.

*

दुसरीच्या सावंतबाई वर्ग बाहेर घ्यायच्या. एकदा काठी रोवून तिची सावली मोजायचा धडा होता. पण टॉवरची सावली सगळ्या मैदानावर पसरलेली. पोरं पट्ट्या घेऊन उभी.

"बाई, आपली सावली बिल्डिंगने खाल्ली," आर्या म्हणाली.

"बरोबर. लिहा," बाई म्हणाल्या.

डाव रंगात आला की मात्र याच बाई ओरडायच्या, "आटपा, आटपा, घंटा होईल!" पोरं त्यांना आटपाबाईच म्हणत.

*

तपासणीला आलेले साहेब चालत थेट लंगडीच्या डावात घुसले. आर्या एका पायावर त्यांच्या अंगावर.

"काका, टाइम प्लीज घ्या, नायतर आउट!"

मूठ ओठांना लावून एवढं म्हटलं की डाव तिथेच थांबतो, कोणी कोणाला शिवत नाही. साहेबांनी बॅग काखेत मारली आणि मूठ ओठांना लावली.

शेरा मात्र लिहून गेले : मैदान अपुरे.

*

संस्थेने शेरा मनावर घेतला. मैदानच बिल्डरला दिलं.

"टेरेसवर हिरवं टर्फ देतोय बाई, एकदम झकास," सेक्रेटरी मीटिंगमध्ये म्हणाले. "जाळी नंतर बघू."

चिडल्या की बाईंची मालवणी बाहेर पडायची. "आणि चेंडू खाली पडलो, तर पोरांनी मागसून उडी मारूची?"

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "हे मिनिट्समध्ये नको."

*

मग मोजणीवाले आले. त्यांनी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या. पोरांना वाटलं, लंगडीसाठी मैदान आखून दिलं. मधल्या सुट्टीत सगळ्या रेघा पुसल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी माणसं पुन्हा आखायला हजर.

"काका रोज येतात," पोरं घरी सांगायची. "किती चांगले आहेत ना!"

*

शेवटी जेसीबी आला. लंगडीचा डाव चालू होता. आर्या पुढे जाऊन उभी राहिली, मूठ ओठांना लावून.

"टाइम प्लीज!"

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. "कितना टाइम, बेटा?"

"आमचा डाव होईपर्यंत."

त्याने सीटवरच डबा उघडला. घंटा झाली. कोणी वर्गाकडे हललं नाही. मी खिडकीतून बाईंकडे बघत होतो.

बाई म्हणाल्या, "सावकाश खेळा गं."