रबरी बुचं

उदगीरला आमचं तपकिरीचं छोटं दुकान आहे. तंबाखू कुटणं, चाळणं, गुलाबपाणी शिंपडणं, सगळं बाबाच करतात. काचेच्या बाटल्यांना लाकडी बुचं असायची. ती वाळली की आत हवा शिरते आणि तपकिरीचा वास उडतो. मी नांदेडला बीएस्सीला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. प्रयोगशाळेत रबरी बुचं बघितली आणि वाटलं, माझ्या शिकण्याचा घरी काहीतरी उपयोग व्हावा. दिवाळीच्या सुट्टीत पिशवीभर घेऊन गेलो.

बूच पारखायची बाबांची एक रीत आहे. धुतलेल्या रिकाम्या बाटलीला नवं बूच लावून ती दोन दिवस उन्हात ठेवायची, मग उघडून नाकाशी धरायची. कसलाही वास आला तर बूच बाद. रबरी बुचाचीही त्यांनी तशीच परीक्षा घेतली. बाटली बराच वेळ नाकाशी धरली आणि म्हणाले, "चांगलं हाय. भर."

मला फार अभिमान वाटला. मी स्वतः वास घेतलाच नाही. बाबांनी घेतल्यावर मी कशाला घ्यायचा?

आठवड्याभरात आमचे जुने गिऱ्हाईक, एक निवृत्त गुरुजी, बाटली घेऊन परत आले.

"काय भाऊ, तंबाखू कुटली का टायर कुटला?"

बाबा हसले. बाटली हुंगली. परत हुंगली. मग माझ्यापुढं धरली. "येतो का रे वास?"

रबराचा भपकारा आला. "येतो, बाबा."

गुरुजी गेल्यावर बाबा बाटल्या एकेक उघडून नाकाशी नेत राहिले. शेवटी म्हणाले, "मला कायच येत न्हाई. मागच्या दिवाळीतल्या तापापासून."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तू शिकत होतास. सांगितलं असतं तर कॉलेज सोडून आला असतास."

म्हणजे वर्षभर ते नुसत्या हाताच्या अंदाजानं गुलाबपाणी घालत होते, आणि कुणाला कळलं नव्हतं. ते माझ्यामुळं उघडं पडलं, तेही गिऱ्हाइकासमोर.

आता सुट्टीत गेलो की बुचं मी पारखतो. मी रिकामी बाटली हुंगतो तेव्हा बाबा बाटलीकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत असतात. त्यांना पूर्वी कळायचं तितकं मला कळत नाही. तरी मी "चांगलं हाय" म्हणतो, आणि ते लगेच भरायला घेतात.