सापडल्यावरही शोधायचं

बाहेरचे परीक्षक आले की आमच्या जालन्याच्या तंत्रनिकेतनात त्यांना मोसंबीचा रस मिळतो, जेवण मिळतं, आणि ते काहीही बोलले तरी सगळ्यांच्या माना डोलतात. रसाला आणि जेवणाला माझी हरकत नाही.

यंदा शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला पिंपळगाव रेणुकाईहून एसटीने येणारी माझी एक विद्यार्थिनी होती. पास झाली तर डिग्रीला प्रवेश, नाहीतर वर्ष वाया. दिलेल्या आकड्यांमधून हवा तो आकडा शोधायचा प्रोग्राम तिला आला होता. तिने तो थोडक्या ओळींत लिहिला: लूप लावून ओळीने एकेक आकडा बघायचा, सापडला की त्याची जागा सांगून तिथूनच बाहेर पडायचं. उत्तर बरोबर आलं. परीक्षकांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या.

"लूपच्या मधूनच रिटर्न? फंक्शनमधून बाहेर पडायचं दार एकच, तेही शेवटी. सापडल्याची खूण ठेवायची, लूप पूर्ण होऊ द्यायचं, मग उत्तर. स्ट्रक्चर्ड प्रोग्रामिंगचा पहिला धडा आहे हा!"

"सापडल्यावर बी हुडकतच राह्याचं का, सर?"

उर्मटपणा नव्हता त्यात. तिला खरंच कळलं नव्हतं. परीक्षकांनी तिला नापास केलं.

माझं डोकंच फिरलं. अहो, एके काळी प्रोग्राम कुठूनही कुठेही उड्या मारायचे, वाचणाऱ्याला काही थांग लागायचा नाही, म्हणून ही शिस्त आली. वाचणाऱ्याला कळावं म्हणून! एवढ्याशा प्रोग्रामला दोन दारं असली तर कोण हरवणार आहे? उलट ती खूण सांभाळायचीच कटकट. शिस्तीचं कारण विसरायचं आणि शिस्तीची पूजा करायची, याची मला मनस्वी चीड आहे.

विभागप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. "जाऊ द्या ना मॅडम. वर्षातून एकदा येतेत ते. कशाला वाकडं घ्याचं?"

"तिचं वर्ष जाऊन राह्यलं, सर, अन् तुम्ही त्यांना रस पाजून राह्यले!"

सगळी लॅब माझ्याकडे बघायला लागली. गुणांवर कॉलेजची परीक्षक म्हणून माझीही सही लागते. ती मी करणार नाही, असं परीक्षकांना तोंडावर सांगितलं.

मग तडजोड निघाली. तिने परीक्षकांच्या पद्धतीने पुन्हा लिहायचं. तिने बसल्या बसल्या लिहिलं. आकडा पहिल्याच जागी सापडला, तरी प्रोग्राम मुकाट्याने शेवटपर्यंत शोधत राहिला. परीक्षक खूश झाले, ती पास झाली, मी सही केली.

व्हरांड्यात मी तिला गाठलं. म्हटलं, तुझं पहिलंच बरोबर होतं, आणि प्रश्न तर अगदी बरोबर होता.

"असू द्या मॅडम," ती हसत म्हणाली. "आता असंच लिहीत जाईन. अन् कोणाला विचारणार बी न्हाई."

मी इतकी चिडले की तिच्यावरच ओरडले, "विचारायचं! विचारायचंच!"

ती दचकली. "बरं मॅडम, विचारीन," म्हणाली. का, ते मात्र तिने विचारलं नाही.