पन्नासावी बाई

आमचे हे बस बांधणाऱ्या कारखान्यात आराखडे काढतात. उंची ताडमाड, त्यामुळे बसमधला वरचा दांडा कपाळावर आपटून आपटून त्याच्याशी यांचं जुनं वैर. नव्या बसचं काम हाती आलं तशी घोषणा झाली, "यंदा दांडा वर घेणार!"

त्यांच्याकडे हजारो प्रवाशांची मापं असतात. ठेंगण्यापासून उंचापर्यंत शंभर जणांची रांग आहे असं धरायचं आणि कितव्या माणसाला वस्तू पुरायला हवी ते ठरवायचं. याला ते पर्सेंटाइल म्हणतात. यांनी बायकांच्या रांगेतली बरोब्बर पन्नासावी बाई धरली. मध्यम म्हणजे सगळ्यांची सोय, काय? साहेबांनीही मान डोलावली.

बस रस्त्यावर आली आणि ब्रेक लागल्याबरोबर माझी धाकटी नणंद तिच्यात पडली. बाईसाहेब वीतभर उंचीच्या, पोटापाण्याला पार्लर, आणि मोडलं नेमकं उजवं मनगट.

"माझी मेली उंचीच आडवी आली," आम्ही डबा घेऊन तिच्याकडे जेवायला गेलो तेव्हा ती हसत म्हणाली. "हात पोचेना गं, वहिनी."

यांचा घास हातातच राहिला. घरी आल्यावर म्हणाले, "पन्नासावी धरली म्हणजे तिच्या आधीच्या सगळ्या लटकल्या. निम्म्या बायका! हात पोचायचा तर पाचवी धरायची असते. हे मला पहिल्याच वर्षी शिकवलंय."

"मग सांगा तिला."

"कुठल्या तोंडाने?"

मी भडकलेच. "स्वतःचं कपाळ तेवढं वाचवलंत!" बोलून गेले खरी, पण त्यांचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं.

मग हे रोज तिच्याकडे. भांडी घास, केर काढ, औषधं आण. ती चिडवायची, "दादा, एवढी माया कुठून उतू चाललीय? लग्नाआधी तर पाण्याचा पेला उचलत नव्हतास!" हे खाली मान घालून कढई घासायचे.

प्लास्टर निघालं त्या दिवशी ती आमच्याकडे आली ती उंच टाचांचे नवे बूट घालून, लडखडत.

"बघ दादा, आता पोचतो की नाही हात!"

हे तिथेच जमिनीवर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. 

"म्हणजे मी बुटकी म्हणून नाही पडले?"

"नाही. मी पाडलं तुला."

"इतके दिवस मी स्वतःला शिव्या घालत होते, आणि तू नुसती भांडी घासत बसलास?" तिने बूट काढून फेकले. "मला काय सांगतोस? कारखान्यात जाऊन सांग!"

गेले. साहेबांची बोलणी खाल्ली, पण दांड्याला खालपर्यंत पट्टे लागले. तशा पहिल्या बसमध्ये आम्ही तिघं चढलो. नणंद साध्या चपलांत. तिने उजवा हात वर केला आणि तो सहज पोचला. मूठ मात्र मिटेना.

तिने निमूटपणे हात बदलला. हे खिडकीबाहेर बघत राहिले.