दवाखान्यातला ढावलो

"पॉट्स स्पाइन," एमआरआय उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले. म्हणजे मणक्याचा क्षयरोग. माझे दोन मणके आतून पोखरले होते. "अठरा महिने गोळ्या. एक दिवसही चुकवायचा नाही."

याडीने, म्हणजे माझ्या आईने, एकच विचारलं, "दोन महिन्यावर लग्न हाये, साहेब. लोकायले दिसून येईन काय?"

चार महिने पाठ दुखत होती. लॅपटॉपमुळे असेल, असं सगळे म्हणायचे, मीसुद्धा. त्याच चार महिन्यांत दिग्रसच्या आमच्या घरी माझ्या लग्नाचं कपाट, फ्रीज आणि सोफा आला. सोफा सासरी जायचा, म्हणून त्यावर कोणी बसायचं नाही. मी पाठ धरून जमिनीवर बसायची.

यवतमाळच्या वॉर्डात मला ब्रेस लावला. छातीपासून कमरेपर्यंतचा कडक पट्टा. गोळ्यांनी लघवी केशरी होते, घाबरू नका. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं.

सोबतीला तांड्यावरून आत्या आली. आम्हा बंजाऱ्यांत लग्नात नवरी ढावलो गाते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत, स्वतःचे शब्द जोडत. मला येत नव्हता. "इंग्लिश शाळेनं तुले रडाले बी नाही शिकवलं," म्हणत आत्या सलाइनशेजारी बसून चाल म्हणायची. मी नुसती ऐकायची. चारचौघींत गाणं माझ्याने झालंच नसतं.

पाचव्या दिवशी होणाऱ्या सासूबाई आल्या. मुलगा खाली गाडीजवळच थांबला. पाठ कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मोबाइलवर कपाटाचा फोटो दाखवत आईला म्हणाल्या, "हे आमच्या दारातून जाईन काय? मोजून पाह्यलं?" मग हळूच, "पाहुण्यायले कळू देऊ नका. लग्नाचे पंधरा दिवस गोळ्या बंद ठेवा. तो पट्टा बी काढा. मंग खाऊ द्या किती खायच्या त्या."

डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, मध्ये गोळ्या सोडल्या तर आजार औषधाला दाद देत नाही, पाय लुळे पडू शकतात. आईने ते ऐकलं होतं. तरी ती गप्प.

तिच्या त्या गप्प बसण्याने माझं डोकं फिरलं. मी तिच्या गळ्यात हात टाकले आणि गायले. आमच्या बोलीत. इथे मराठीत देते.

याडी, कपाटासाठी दार मोजशील,
माझी पाठ कोण मोजेल?
सोफा भिंतीला टेकून राहील,
याडी, मी कशाला टेकू?

सासूबाई उठल्या. "दवाखान्यात ढावलो? पोरगी येडी हाये का?"

"चाल बराबर हाये," आत्या म्हणाली. "शब्द तिचे हायेत."

मग आईचा आवाज आला. "गोळ्या बंद नाही होणार, बाई. कपाट तुम्ही दुसरं पाहा."

ते लोक पुन्हा आले नाहीत. मी जगले का, हे विचारायलाही नाही. माझा राग अजून गेलेला नाही. तुमच्याकडे कोणी असे पंधरा दिवस मागितले, तर देऊ नका. लाजाळू असाल तरी बोला, आवाज कापला तरी बोला.

मी दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी आईने सोफ्याचं प्लास्टिक टराटरा फाडलं.

"बस," ती म्हणाली. "टेकून बस."